पावणं आबांना घाबरतं, असं मी ठरवलं

माझी अक्कल धावली तर किती लांब धावते, ते ऐकायचंय? मग चहा हातात घ्या आणि मधे हसू नका. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. माझ्या नवऱ्याच्या मित्राचं शाहूपुरीत शोभेच्या माशांचं दुकान होतं. एके दिवशी नवरा तिथून काचेची टाकी घेऊन आला, आणि टाकीत एक ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारा, पालीसारखा दिसणारा प्राणी. फिकट गुलाबी, वीतभर लांब, चार पाय, मानेभोवती कल्ल्यांचे तुरे आणि तोंडावर कायमचं हसू. लग्नात फोटोसाठी उभं केल्यासारखं.

माझे सासरे, आबा, एस्टीचे ड्रायव्हर. नुकतेच रिटायर झालेले. टाकीपाशी वाकून ते म्हणाले, "हे कुठलं पावणं म्हणायचं?" झालं, तेच नाव पडलं.

आता आबांचा आवाज कसा सांगू तुम्हाला? जन्मभर इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस. त्यांनी "च्या ठेव गं" म्हटलं की शेजारच्या गल्लीतल्या बायका गॅस पेटवायच्या. पण पावण्याचं सगळं तेच करायचे. त्याला थंडच पाणी लागतं, म्हणून बाटल्या गोठवून टाकीत सोडायच्या, परड्यातली माती उकरून गांडुळं काढायची आणि दुपारभर त्याच्याशी गप्पा मारायच्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. आम्ही दोघं नोकरीवर. बोलायला दुसरं होतं कोण?

एक दिवस पावणं दचकलं. साधंसुधं नाही. तळाशी शांत पडलेलं होतं, ते बाणासारखं सुटलं आणि काचेवर आपटलं. मग रोजच तसं व्हायला लागलं. एका कल्ल्याला खरचटलेलंही दिसलं.

मग मी निरीक्षण सुरू केलं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकायचे, आतून आबा "आलीस काय गं" म्हणून गरजायचे, मी ट्यूब लावायचे, की पावणं सुटलंच. कारण उघड होतं की नाही? आबांचा आवाज. मी धावत टाकीपाशी जायचे, "घाबरू नको रे" म्हणत काचेवर टिचकी मारायचे, तर ते आणखी उधळायचं. बिचाऱ्यानं केवढा धसका घेतलाय, असं मला वाटायचं.

पण सासऱ्यांना "हळू बोला" म्हणायचं कसं? शेवटी धीर केला. "आबा, आवाजाच्या लहरी पाण्यातूनही जातात," अशी मी वर्गातल्यासारखी सुरुवात केली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टाकीकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळं लागलं व्हय त्येला?"

आणि तिथून पुढे आबा कुजबुजायला लागले.

नुसतं हळू नाही हो, अगदी कुजबुज. जेवताना त्यांनी "आमटी" म्हटलं की मला "आमची" ऐकू यायचं. मग मी ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे, तेव्हा कुठे कळायचं. दूधवाल्याशी तर सगळा व्यवहार खुणांनी. अशात रविवारी सकाळी पेठ वडगावहून वन्संचा, म्हणजे आबांच्या लेकीचा, फोन आला. आबा तिच्याशीही कुजबुजले.

दुपारच्या एस्टीनं वन्सं दारात हजर. हातात शहाळी, डोळ्यांत पाणी. "वैनी, आबांस्नी काय झालंय? फोनवर आवाजच न्हाय. मी तर भिऊन अर्धी झाली."

आबांनी ओठांवर बोट ठेवून टाकीकडे खूण केली. मग मी वन्संना बसवून सगळं शास्त्रशुद्ध समजावलं. लहरी, पाणी, कंपनं. वन्संनी वाकून पावण्याकडे बघितलं.

"म्हंजे ह्या पालीसाठनं माझ्या बापाचं तोंड बंद केलंयस व्हय?"

बाहेर अंधारून आलं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी उठले आणि ट्यूब लावली. पावणं सुटलं, धाडकन काचेवर.

"आता कोण वरडलं?" वन्संनी विचारलं.

कुणीच नाही. आबांनी तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता. मी टाकीपाशी गेले, टिचकी मारली. पावणं उलट्या दिशेनं सुटलं. वन्संनी ट्यूब बंद केली, मला दंडाला धरून लांब खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आबा, तुमी बोला बघू. नेहमीच्या आवाजात."

"नगो," आबा कुजबुजले. "लागंल त्येला." वन्सं हट्टच धरून बसल्यावर आबांनी घसा खाकरला. "काय पावणं, जेवलासा का न्हाय?"

रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पावणं मात्र एकेक पाय टाकत, रमतगमत काचेपाशी आलं आणि आबांसमोर तोंड वर करून थांबलं. त्या आवाजामागून गांडूळ येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या प्राण्याला पापण्याच नसतात, एकदम लख्ख उजेड पडला तर डोळे मिटायचीही सोय नाही, हे विज्ञानाच्या बाईंनी त्यानंतर वाचलं.

वन्सं चहा टाकायला आत गेल्या. मी आबांच्या शेजारी जाऊन बसले. "चुकलं माझं, आबा. उगाच तुम्हाला गप्प बसवलं."

"न्हाय गं." आबा अजून हळूच बोलत होते. "बरंच झालं की. मोठ्यांदा बोलत हुतो, तवा तू आतनंच व्हय-व्हय म्हनायचीस. हळू बोलाय लागलो, तशी जवळ येऊन बसाय लागलीस."

मला भरून आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून "पाणी आणते" म्हणत मी झटकन उठले, आणि हात सवयीनं गेला बटणावर. खोलीभर उजेड, टाकीत धाडकन, आणि मधोमध मी, नाक लाल, गाल ओले.

"आगं बाई, तू बस की खाली," आबा म्हणाले, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यांदा. "तुलाच भ्यालंय ते."