दोन जनरल आणि आमचे दुभाषी चाचा

चाचांच्या इतके तिखट कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. मस्कतमध्ये माबेलाहून कुरुमकडे कामाला निघालं की ते माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसायचे. हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रक घोंघावत असतानाही मधेच म्हणायचे, "बाय, तुझ्या डाव्या चाकात खडा अडकलाय." उतरून बघावं, तर खरोखर खडा असायचा. शेजारच्या खोलीत कुणी चहा ओतत असेल, तर नुसत्या आवाजावरून कप किती भरला ते सांगायचे. असा माणूस दोन जनरलांच्या मध्ये बसला की मात्र तासातून एकदा तरी कानामागे हात धरायचा आणि म्हणायचा, "माफ करा, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?"

पहिले दोन दिवस मला वाटलं, चाचा थकले. सत्तरी उलटलेली होती. हे कुणाच्या लक्षात आलं तर त्यांना काढून टाकतील, या काळजीने मी त्यांची खुर्ची थोडी पुढे सरकवली. त्यांनी ती गुपचूप होती तिथे नेऊन ठेवली.

सभा-समारंभांची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. त्या वर्षी हिवाळ्यात आम्हाला समुद्राकाठच्या एका अतिथिगृहाचं काम मिळालं. टेबलं, चहापाणी, कागद, एवढंच बघायचं आणि प्रश्न विचारायचे नाहीत. समुद्रापलीकडच्या एका देशात अकरा वर्षं यादवी चालली होती, आणि एकमेकांविरुद्ध लढलेले दोन सेनापती ती संपवण्यासाठी मस्कतला येणार होते. देशाचं नाव मी आजही घेत नाही. तशी सही आम्ही सगळ्यांनी केली होती.

एक राजधानीचे जनरल. बुटके, चष्मेवाले, कपड्यांना कडक इस्त्री. दुसरे डोंगरातले जनरल. ताडमाड उंच, डाव्या पायाने लंगडणारे. डोंगरातल्या जनरलांचं सैन्य तीन खोऱ्यांत कोंडलं गेलं होतं. औषधं संपली होती, धान्य संपत आलं होतं. ते शरण यायलाच आले होते आणि हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रश्न फक्त कसं यायचं, हा होता. ते ठरलं नसतं तर शस्त्रसंधीचे दहा दिवस संपताच राजधानीच्या तोफा त्या खोऱ्यांवर सुरू होणार होत्या. आणि खोऱ्यांत नुसते सैनिक नव्हते, गावं होती.

अरबी दोघांनाही येत होतं. पण ज्या भाषेत आपलं गाव जाळण्याचा हुकूम निघाला, ती भाषा आपण बोलणार नाही, असं डोंगरातल्या जनरलांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते स्वाहिलीतच बोलणार. ती राजधानीच्या जनरलांना येत नव्हती. दुभाषी अरब असेल तर डोंगरवाल्यांना चालेना आणि त्यांच्यातला असेल तर राजधानीवाल्यांना चालेना. अशा वेळी कुणाला तरी चाचा आठवले.

चाचा मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. पाच वर्षांचे असताना आईबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. रस्त्यावर स्वाहिली, मदरशात अरबी आणि घरात आईची कोकणी मराठी, अशा तीन भाषा ते एकाच दिवसात बोलत मोठे झाले. तरुणपणी मस्कतला कारकून म्हणून आले आणि पुढे कोर्टात, इस्पितळात, बंदरावर, जिथे दोन माणसांचं एकमेकांना कळत नसे तिथे त्यांना बोलावणं येऊ लागलं. माबेलात ते मुलीकडे राहायचे, आमच्या मागच्याच गल्लीत. नजर अधू झाल्यामुळे गाडी सोडली होती. माझा नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, तो आठवड्यातून एकदा घरी येणार. त्यामुळे माझ्या गाडीत जागा असायची, आणि खरं सांगायचं तर सोबतही हवी असायची.

चाचा दोन्ही बाजूंपैकी कुणाबरोबरही जेवत नसत. आत चांगलं मटण आणि बिर्याणी असे, हे मात्र बाहेर ड्रायव्हरांच्या घोळक्यात बसून खबूस रोटी आणि डाळ खात. शेखसाहेबांनी, म्हणजे मध्यस्थी करणाऱ्या वयस्क ओमानी अधिकाऱ्यांनी, त्यांना दोनदा आग्रह केला. चाचांनी हात जोडले. मला नंतर म्हणाले, "एकाच्या ताटात जेवलो की दुसऱ्याच्या कानात माझा शब्द उष्टा होतो."

त्यांच्या न ऐकू येण्याचा उलगडा मला तिसऱ्या दिवशी झाला. राजधानीचे जनरल अरबीत म्हणाले, "यांच्या टोळीने हत्यारं टाकून रांगेत बाहेर यावं." एवढं अरबी मलाही कळतं. चाचांनी कानामागे हात नेला. नीट ऐकू आलं नाही, म्हणाले. जनरलांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "यांच्या माणसांनी हत्यारं खाली ठेवून बाहेर यावं." टोळीची माणसं झाली होती. चाचांनी ते वाक्य जसंच्या तसं स्वाहिलीत सांगितलं, आणि मी भिंतीला टेकून उभी होते ती जागच्या जागी हसले.

परतताना मी गाडीत विचारलं, की चाचा, हे फसवणं नाही का? ते म्हणाले, "मी शब्द बदलत नाय, बाय. माणसाला दोनदा बोलायची संधी देतो. दुसऱ्यांदा पण तोच शब्द आला, तर तोच सांगणार."

आणि तसं त्यांनी केलंही. पाचव्या दिवशी डोंगरातले जनरल संतापून राजधानीच्या जनरलांना खाटीक म्हणाले. चाचांनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले, आधीपेक्षा सावकाश. चाचांनी मान खाली घालून तो शब्द अरबीत जसाच्या तसा ठेवला. राजधानीचे जनरल उठले आणि बैठक मोडली. पुढचा अख्खा दिवस कुणी खोलीत आलं नाही. आम्ही सकाळी मांडलेले कप संध्याकाळी कोरडेच उचलले. चाचा बागेत एका बाकावर दिवसभर बसून होते. थोडं सौम्य करून सांगितलं असतं तर, असं माझ्या मनात आलं होतं. ते त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "आज गोड करून सांगितलं, तर उद्या त्यांचा माझ्यावर विश्वास राहणार नाय. मग मी तिथे बसून काय करू?"

सातव्या दिवशी शेखसाहेबांनी दोघांना कसंबसं पुन्हा बसवलं. आता अडलं होतं ते दोन गोष्टींवर. करारात 'शरणागती' हा शब्द हवाच, असा राजधानीतून हुकूम होता, आणि हत्यारं राजधानीच्या मैदानात, लोकांसमोर खाली ठेवायची होती. डोंगरातले जनरल दोन्हीला नाही म्हणत होते. दोन दिवस तेच वाक्य इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिलं. चाचांचा आवाज बसला. मी त्यांच्यापुढे आल्याचं गरम पाणी ठेवत होते.

नवव्या दिवशी दुपारी डोंगरातल्या जनरलांनी टेबलावरचा करार बाजूला सारला आणि स्वाहिलीत हळू आवाजात काहीतरी म्हणाले. दोनच वाक्यं असावीत. आम्ही सगळे चाचांकडे बघू लागलो.

चाचांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी कानामागे हात नेला नाही, पुन्हा सांगा असंही म्हटलं नाही. नुसते बसून राहिले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पाण्याचा ग्लास उचलला, पण पुढे जायचं धाडस झालं नाही. राजधानीचे जनरल गोंधळून एकदा चाचांकडे आणि एकदा समोर बघत होते.

डोंगरातल्या जनरलांनी चाचांच्या मनगटावर हात ठेवला. मग समोर बघून, नऊ दिवसांत पहिल्यांदा, स्वच्छ अरबीत म्हणाले, "पुलाच्या लढाईत माझा धाकटा भाऊ पडला. त्याला तुम्ही कुठे पुरलंत, एवढं सांगा."

राजधानीच्या जनरलांनी चष्मा काढला. तो काढल्यावर ते एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, की त्या पुलावर ते स्वतः होते. नावं माहीत नव्हती, पण एकालाही उघड्यावर ठेवलं नाही. कैद्यांमध्ये तुमचा एक मौलवी होता, त्याच्याकडून नमाज पढवून घेतली. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी दिला. त्यावर त्यांनी नदी काढली, पूल काढला, चिंचेची तीन झाडं काढली आणि झाडांच्या दक्षिणेला एक चौकोन काढून कागद फिरवून पुढे सरकवला. डोंगरातले जनरल त्या चौकोनावर बोट ठेवून बसले.

त्यानंतर दोघं थेट बोलले. चाचांना कुणी काही विचारलं नाही. दोन तासांत सगळं मिटलं. हत्यारं मैदानात नव्हे, ज्याच्या त्याच्या खोऱ्यात गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर खाली ठेवायची. कुणाला रांगेत चालवायचं नाही. जखमींना दुसऱ्याच दिवशी इस्पितळात न्यायचं. बाकीच्यांनी पेरणीच्या आत घरी पोचायचं. राहिला तो शब्द. शेखसाहेबांनी विचारलं, तर डोंगरातले जनरल म्हणाले, "राहू द्या शरणागती. हरलोय हे मलाही ठाऊक आहे. माझी माणसं घरी जातायत ना?" आणि त्यांनी सही केली.

सह्या झाल्यावर टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. शेखसाहेबांनी डोळे मिटून "अल्हम्दुलिल्ला" म्हटलं आणि खुर्चीत मागे रेलले. आमच्या चहावाल्या केरळी पोराने ट्रे खाली ठेवून मला विचारलं, "खलास?" मी म्हटलं, खलास. त्याचा काहीएक संबंध नव्हता, पण तो भिंतीला पाठ लावून खालीच बसला. मलाही तेव्हा कळलं, की नऊ दिवस मी खांदे आखडून वावरत होते.

चाचा बाहेर पायरीवर बसले होते. मी आतून बिर्याणीची थाळी आणली. आता चालेल ना, म्हणून विचारलं. ते हसले आणि हाताने भराभर जेवू लागले, शाळेतून आलेल्या मुलासारखे. जेवताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील आफ्रिकेतच वारले. वर्षभराने तिथे दंगे झाले आणि यांना एका दिवसात घर सोडावं लागलं. कबर मागे राहिली. पुढे गावी आई तिकडून आलेल्या प्रत्येकाला विचारायची, त्या कबरीवर कुणी पाणी घालतं का? मरेपर्यंत विचारत होती. जनरलांचं वाक्य कानावर पडलं आणि त्यांना आईचाच आवाज ऐकू आला.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "दुभाष्याने रडायचं नसतं."

मी म्हटलं, चाचा, तुम्ही रडला नसतात तर ते बोलले नसते. त्यांना ते पटलं नाही. कामात चुकलो ते चुकलो, नशिबाने निभावलं, एवढंच म्हणत राहिले. पण घरी जाताना, बर्काच्या फाट्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, मी आरशात बघितलं तर चाचा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. मी रेडिओ बंद केला. माबेलात पोचल्यावरही त्यांना लगेच उठवलं नाही. गल्लीत गाडी उभी करून बसून राहिले. ते उठेपर्यंत त्या तीन खोऱ्यांत करार झाल्याची बातमी पोचली असेल, असा विचार मनात आला आणि फार बरं वाटलं.

दुभाष्याचं काम चाचांनी पुन्हा घेतलं नाही. बोलावणी आली, मोठमोठी आली. त्यांनी सगळ्यांना नम्रपणे नकार दिला. दोन वर्षांनी ते गावी जायला निघाले, कायमचे. विमानतळावर मुलगी रडत होती, नातवंडं इंग्रजीत काहीबाही विचारत होती आणि चाचा त्यांना मराठीत उत्तरं देत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी सावकाश चालव, बाय. आणि नवऱ्याशी भांडण झालं तर त्याच दिवशी मिटव. फोनवरून मिटवू नको, तो घरी येईल तेव्हा समोर बसून मिटव." हा सल्ला मी पाळते. सगळीच भांडणं मिटतात असं नाही, पण बरीच मिटतात.

परवा बातम्यांत तो देश दिसला. मी हातातलं काम टाकून बघत राहिले. डोंगरातले जनरल होते, आता साध्या सदऱ्यात, काठी टेकत. भोवती गावकरी जमले होते. समोर सरकारचा कुणी इंजिनिअर उभा होता आणि हे त्याला चांगलंच फैलावर घेत होते, अस्सल अरबीत. खोऱ्यातला रस्ता वर्षभर अर्धवट पडला होता आणि टोमॅटोचे ट्रक चिखलात रुतत होते.

मी लगेच चाचांना फोन लावला. ते खाडीवरून मासळी घेऊन नुकतेच घरी आले होते. काय बघितलं ते मी सांगितलं. मग चाचांनी विचारलं, "रस्त्यावरून भांडतायत?"

"हो चाचा. फक्त रस्त्यावरून."

"भांडू दे," चाचा म्हणाले. "इन्शाल्ला, अजून पन्नास वर्षं रस्त्यावरूनच भांडू दे."