न उडणारा फ्यूज

आमच्या राजापेठेतल्या घरातला फ्यूज कधी उडत नसे, आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान! उन्हाळ्यात शेजारी दिवसाआड अंधार व्हायचा. आमच्याकडे कूलर, मिक्सर, इस्त्री सगळं एकदम चालायचं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. भार वाढला की वितळून घर वाचवायचं, म्हणून फ्यूजची तार पातळ असते, हे त्यांनी पोरांच्या किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल! घरी मात्र त्याच हातांनी तारेचे चार पदर पिळून बसवले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

बाकी बोर्डही त्याच इयत्तेतला. लाकडी पाटी, चिनीमातीचे फ्यूज, काळवंडलेली बटणं. अर्थिंगची तार कुठे तुटली होती, कुणालाच माहीत नव्हतं. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि त्यावर वऱ्हाडातल्या घरोघरी असतो तोच इलाज आमच्याकडे होता. कूलरपाशी रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला. पाणी भरायचं तर ती चप्पल पायात घालायची. पाहुण्यांनाही आम्ही अगदी सहज सांगायचो, "कूलरले हात लावाचा असन त चप्पल घाला बरं." यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. लग्न होऊन अकोल्याला गेले, तर सासरीही तोच जोड, फक्त रंग निळा.

माझे डोळे उघडले ते लेक चौदा महिन्यांची झाल्यावर. धरून उभी राहायला लागली होती आणि पत्रा दिसेल तिथे दोन्ही हातांनी बडवायची. तिला कोण चप्पल घालणार? अकोल्यातलं घर मी आठ दिवसांत ठीक करून घेतलं आणि बाबांना फोन लावला.

"बोर्ड बदला. नाहीतर या उन्हाळ्यात नात येणार नाही."

"पस्तीस वर्षं झाले त्या बोर्डाले. काई झालं काय?"

"नाही झालं. म्हणूनच आत्ता बदला."

मी फोन आपटला. रागाच्या बाबतीत मी बाबांवरच गेले आहे, त्यामुळे दोन्हीकडे चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. बाबांनी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं होतं. तो आता पन्नाशीचा, नावाजलेला वायरमन. त्याने फ्यूज उपसला, तारेचे चार पदर बघितले आणि हात जोडून विचारलं, "सर, फ्यूजची तार पातळ कावून असते?" बाबा म्हणे चहा सांगायला जे आत गेले, ते अर्धा तास बाहेर आले नाहीत. त्याने सगळं नवीन बसवलं. नवे खटके, नवं अर्थिंग, आणि करंट गळला की क्षणात वीज तोडणारा एक वेगळा खटका.

मी लेकीला घेऊन पोचले, तर घराची भट्टी झालेली. कूलर लावला की तो खटका पडायचा. उचलला, पुन्हा पडला. बाबा घामाने निथळत होते, आणि खरं सांगते, जरा खूशही दिसत होते. वायरमन आल्याबरोबर ते म्हणाले, "काढून टाक तो डब्बा. जुना बोर्ड बरा होता. लेकरू उबून राहिलं."

लेकरू कूलरचा पत्रा बडवत होतं. त्या उकाड्यात क्षणभर मलाही वाटलं, काढू दे बाई.

वायरमनने खटका उचलून कूलरचा नुसता पंखा लावला. खटका पडला नाही. मग पाण्याची मोटर लावली. खटका पडला.

"सर, खटका चांगला आहे. मोटर गेली. तिचा करंट पत्र्यात उतरून राहिला."

"मंग इतके दिवस कुठं जात होता?"

"कुठं जाईन सर? पत्र्यातच होता. जो हात लावीन त्याच्यातून जमिनीत."

मी धावत जाऊन लेकीला उचललं. वीज बंद होती, हे कळत असूनही तिचे तळवे उलटसुलट करून पाहिले. बाबा मात्र नातीकडे बघत नव्हते. ते आईकडे बघत होते. रोज दोन वेळा कूलर भरायची ती आई.

"दोन उन्हाळे म्हणून राहिली मी," आई म्हणाली, "चप्पल घालूनई बोटं झिणझिणतात. तुमी म्हणे, बी-ट्वेल्व कमी झालं. गोळ्या आणून देल्या."

"खाल्ल्या का त्या?" वायरमनने विचारलं.

"खाल्ल्या ना. सरांनं देल्या होत्या."

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. बाबा खुर्चीत बसले. खाली मान घालून पुटपुटले, "माझं चुकलं."

आईने पदराने वारा घेत म्हटलं, "पुन्हा एक डाव म्हना. आज कूलर बंद आहे, मले सारं ऐकू येते."

बाबा उठून उभे राहिले आणि विद्यार्थ्यासमोर, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, पुन्हा म्हणाले.