अळूवरची चादर

चंदिगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी राहणारे गजानन लोवलेकर म्हणजे थंडीचे जगावेगळे चाहते. मूळचे गुहागरचे, तरी पहिलं धुकं दिसलं की हा माणूस मफलर गुंडाळून शीळ घालायचा. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. अळूवडी!

लग्नानंतर शशिकलावहिनींनी पहिल्यांदा अळूवडी केली तेव्हा घशात खवखव सुटलेली असतानाही हे शहाणे "वा! नेहमी करत जा" म्हणून बसले. वहिनींनी ते मनावर घेतलं. गुहागरहून आणलेल्या अळकुड्या अंगणात लावल्या आणि अळू असं माजलं की विचारू नका. दर रविवारी वड्या. सुटका एकच होती. दिवाळीनंतर थंडीचा तडाखा बसला की अळू माना टाकायचं, ते होळीनंतरच पुन्हा फुटायचं. तेवढे महिने गजाननरावांचे.

पण हल्ली थंडीच वेळेवर येईना. यंदा तर डिसेंबर अर्धा सरला तरी पानं सुपाएवढी!

"याला हवामान बदल म्हणतात," मी म्हणालो.

"याला माझा छळ म्हणतात," ते म्हणाले.

अखेर कडाक्याच्या थंडीचा अंदाज आला. वहिनींनी लगेच अळूवर जुनी चादर पांघरली. संध्याकाळी मी कुंपणापाशी उभा असताना गजाननराव हळूच ती ओढू लागले. तेवढ्यात समोरच्या गिल आंटी ओरडल्या, "भाईसाब, पौधा मर जाएगा जी!" आणि आपली रजई घेऊन धावत आल्या. त्यांना वड्यांची चटक लागली होती ना!

गलका ऐकून वहिनी बाहेर आल्या. चादरीचं टोक नवऱ्याच्या हातात होतं.

"शशी, मला अळूवडी आवडत नाही गं. कधीच आवडली नाही."

वहिनी पायरीवर बसल्या. "अहो, थंडीत तुमचा चेहरा कसा फुलायचा! मला वाटलं, इथली हवा मानवते तुम्हाला. म्हणून तर रत्नागिरीची बदली चालून आली तेव्हा नको म्हटलं मी. माझं माहेर होतं तिथे."

गजाननरावांनी वाकून चादर अळूवर नीट पसरली आणि कडेने विटा ठेवल्या.

"गिल आंटींची रजईही टाका वर," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या.