लग्न आणि रिसेप्शनच्या मधलं रॉक

आमच्या डोंबिवलीत रॉक दुपारी चारला व्हायचं. त्या वेळेला मंगल कार्यालय स्वस्तात मिळायचं ना! सकाळचं लग्न उरकून वऱ्हाड पांगलेलं आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला अजून अवकाश. त्या मधल्या वेळात कॉलेजची पोरं गिटारी घेऊन स्टेजवर चढायची. तिकीट वडापावच्या भावात.

ते दिवस मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. ओढून घेतलेले जाड पडदे, दिव्यांवर लाल-निळा जिलेटीन पेपर, हवेत मसालेभाताचा वास. चपला दाराशी काढायच्या, मग आत रॉक असो की सत्यनारायण. सतरंजीवर मांडी घालून बसलं की बेस गिटारचा आवाज आधी फरशीतून अंगात चढायचा, कानांना नंतर कळायचा. तळपायांना सकाळच्या अक्षता चिकटलेल्या असायच्या. मी डोळे मिटायचे आणि अख्खी डोंबिवली कुठेतरी विरघळून जायची. इतकं सुख मला नंतर महागड्या खुर्चीत बसूनही मिळालं नाही.

मी आतेभावाबरोबर जायचे. तो नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि आईने फर्मान काढलं, "एकटीने जायचं नाही. एकदा बाबा येऊन बघतील. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर हे खूळ बंद."

बाबा म्हणजे शास्त्रीय संगीताचे भक्त. इस्त्रीचा झब्बा घालून आले आणि मैफलीत बसतात तसे थेट पुढे जाऊन बसले. ड्रमचा पहिला दणका बसला तसे दचकले. मग सावरून मांडीवर बोटांनी ताल धरायला लागले. तो सापडेना. मी गाणं सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या गाण्यात गायकाने डोळे मिटून वरचा सूर लावला आणि नेमके तेव्हाच बाबा उठले. वाकून, चोरपावलांनी बाहेर गेले.

बोंबला! आता कसलं रॉक आणि कसलं काय. मला रडूच आलं. गाणं संपल्यावर मी बाहेर धावले. बाबा पायरीवर बसले होते.

"बाबा, घरी जायचं का?"

"अगं, मैफल अर्धी टाकून घरी काय? कान फुटायची वेळ आली म्हणून उठलो. त्या पोराने डोळे मिटेपर्यंत थांबलो होतो, त्याला वाईट वाटायला नको. इथून बरं ऐकू येतंय. तू जा आत. दोघंही उठलो तर चांगलं दिसत नाही."

मी आत गेले, पण त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही.

शेवटी रिसेप्शनवाले फुलं घेऊन आले आणि पोरं वायरी गुंडाळायला लागली. बाबा सरळ गायकापाशी गेले, कुठल्याही मैफलीनंतर जायचे तसे. खांद्यापर्यंत केस, गुडघ्यावर फाटलेली जीन्स. झब्बा बघून तो पटकन वाकला आणि बाबांच्या पाया पडला. मग काय, ड्रमवाल्याने काड्या काखेत मारल्या आणि तोही वाकला.

"रियाज करतोस ना?" बाबांनी विचारलं.

"हो काका, रोज," तो म्हणाला. मला ते मुळीच खरं वाटलं नाही.

घरी येताना ऊन उतरलं होतं. वाटेत बाबांना काही विचारायची माझी छाती झाली नाही.

दार उघडल्या उघडल्या आईने विचारलं, "काय हो, कसं होतं?"

"नुसता गोंगाट," बाबा म्हणाले. मी मान खाली घातली.

त्यांनी सावकाश झब्बा काढून खुंटीला लावला. "रविवारी ठाण्याला आहे त्यांचा पुढचा कार्यक्रम. आम्ही गेलो नाही तर त्या पोराला वाटेल, मी कंटाळून उठलो. थोडा कापूस काढून ठेव."