चार पानांचे रशियन

माझ्या साडूंइतका मेहनती आणि त्यांच्याइतका निरुपयोगी माणूस आमच्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. हे मी रागाने म्हणतो आहे आणि रागावण्याचा मला हक्क आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, घरे एकाच गडग्याच्या अलीकडे-पलीकडे, त्यामुळे साडूंच्या विद्वत्तेचा उपद्रव व्हायचा तो पहिल्यांदा मला व्हायचा. बंदरावरची कारकुनी सुटल्यावर इतर माणसे कलमे लावतात, देवळात जाऊन बसतात, निदान भावाशी वाटणीचे भांडण तरी उकरून काढतात. आमचे साडू रशियन शिकले. रत्नागिरीत बसून! आणि तेही सगळे नव्हे. मुंबईच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक इंग्रजी-रशियन कोश आणला होता. माळ्यावर तो वाळवीने असा खाल्ला की मुळाक्षरांची आणि उच्चारांची सुरुवातीची पाने आणि मधली चार पाने एवढेच उरले. त्या चार पानांवर बारीक टाइपात एकच इंग्रजी शब्द होता, त्याच्या सगळ्या अर्थांसह आणि वाक्प्रचारांसह : हँड. म्हणजे हात. दुसऱ्या कोणीही ती पाने बंबात घातली असती. साडू म्हणाले, "मिळालंय तेवढं तरी नीट करायला नको?" आणि पुढची आठ वर्षे त्यांनी ती चार पाने केली.

सकाळी मी गडग्याशी तोंड धूत असलो की पलीकडून आवाज यायचा, "नाना, ऐकलंत का? घड्याळाच्या काट्याला इंग्रज हात म्हणतो. रशियन म्हणतो बाण!" मी म्हणायचो, "कचेरीची वेळ झाली हो, तुमचा हात किंवा बाण काय असेल तो दहावर जाईल." पण ऐकतील तर साडू कसले? एकदा ऐन जेवणाच्या वेळी येऊन त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले की, काम न करता नुसते बसणाऱ्याला रशियातही हाताची घडी घालून बसला असेच म्हणतात. मी विचारले, "मग त्यात सांगण्यासारखं काय?" ते दुखावले. "अहो, एवढ्या लांबची माणसं आपल्यासारखीच बसतात, हे काय थोडं झालं?" इंग्रज कामगाराला हात म्हणतो, याची मात्र त्यांना भारी चीड. "शंभर माणसं कामावर आली की शंभर हात आले म्हणतो! मग उरलेले शंभर कुणाचे?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्या वेळा विचारला की जणू ते शंभर मीच लपवून ठेवले होते. आमच्या दाराची चौकट बसवायला सुतार आला, तर त्याला यांनी सांगितले की रशियात तुला सोन्याच्या हातांचा म्हटले असते. दुसऱ्या दिवशी त्याने मजुरी वाढवून मागितली. कोणाकडे? माझ्याकडे! पुढे कोणीतरी चुगली केली आणि बोल्शेविकांचा हस्तक समजून फौजदार चौकशीला आला. साडूंनी त्याला ओटीवर बसवून चारही पाने पहिल्यापासून समजावून दिली. तो फौजदार पुन्हा आमच्या आळीत फिरकला नाही. त्यांचा हा एवढा एक उपयोग मला मान्य आहे.

तीस सालच्या आसपास, थंडीत, आंबा घाट उतरून एक लहानशी सर्कस गावात आली. तिच्यात घोड्यावर उभा राहून कसरती करणारा एक रशियन होता. आपल्या देशातून परागंदा होऊन हिंडत हिंडत या तंबूत आलेला. पिंजऱ्याच्या दारात त्याचा उजवा हात चिरडला. सरकारी दवाखान्यात आणला तोवर हात खांद्यापर्यंत सुजला होता, आणि हा माणूस तो काखेत दाबून भिंतीला पाठ लावून उभा. जवळ जाईल त्याला लाथ. सर्कसवाला कोल्हापूरकडचा होता. तो रडकुंडीला आला होता. "हाताला हात लावू द्यायना झालंय बघा. पानी, घोडा, चलो, एवढंच कळतंय त्याला." डॉक्टर म्हणाले, आज जखम उघडली नाही तर उद्या हात कोपरातून काढावा लागेल, आणि परवा आला तर मी नुसता दाखला लिहून देईन. खोकल्याचे औषध न्यायला मी तिथे उभा होतो. ते माझ्याकडे वळले. "तुमच्या साडूंना रशियन येतं म्हणे?"

"एकच शब्द येतो," मी म्हणालो.

"कुठला?"

"हात."

"मग आणखी काय पाहिजे? दुखतोय हातच ना?"

मी साडूंना आणायला गेलो, तर हे कोट आणि टोपी शोधत बसलेले! वाटेत घाम पुसत म्हणाले, "नाना, मी अजून रशियन माणूस पाहिलेला नाही हो." दवाखान्यात शिरले, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू झाले ते पहिल्या पानापासून. साडूंना मधून काही म्हणता येत नाही. त्यांची आरतीसुद्धा चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. इकडे माणसाचा ताप चढतो आहे आणि हे त्याला घड्याळाचा बाण सांगताहेत, पत्त्यांचा डाव सांगताहेत! मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. तो रशियन आ वासून ऐकत होता. इतक्यात मनातले पान उलटले असावे, कारण साडू खणखणीत आवाजात म्हणाले, "रूकी व्वेर्ख!"

म्हणजे हात वर करा. तो बिचारा कधीतरी कुणाच्या बंदुकीपुढे उभा राहिलेला असणार. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि काखेतला हात बाहेर काढून त्याने दोन्ही हात वर केले.

"नको, नको! मेल्या, खाली घे!" साडू मराठीत ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले. डॉक्टर पुढे सरकले तसा तो पुन्हा भिंतीला चिकटला. तेव्हा साडूंनी जन्मात पहिल्यांदा मधल्या ओळी गाळल्या. स्वतःचा हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, "दाय रूकु." हात दे.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. "रूऽकु," त्याने उच्चार दुरुस्त केला, आणि तो सुजलेला, काळानिळा हात साडूंच्या तळव्यावर ठेवला.

डॉक्टरांनी जखम उघडली, पू काढला. संपेपर्यंत साडू त्याचे मनगट धरून बसले आणि राहिलेली पाने म्हणत राहिले. तो दात आवळून प्रत्येक ओळीला उच्चार सुधारत होता. घरी आल्यावर बायकोने विचारले, "हात दिलान का हो त्याने भावोजींच्या हाती?" मी हो म्हणालो. हात वाचला. करंगळी तेवढी ताठच राहिली.

सर्कस पुढे मालवणला गेली. तो मागे राहिला आणि पट्टी बदलून झाली की रोज साडूंच्या ओटीवर येऊन बसायचा. मालवणची बोट धरायच्या आदल्या संध्याकाळी तो बोलायला लागला तो थांबेचना. दिवे लागले, बायकांनी दोनदा पाने घेऊ का म्हणून विचारले, तो बोलतच होता. मध्ये हसला, मध्ये गप्प झाला, मध्ये जमिनीपासून हातभर उंची दाखवली, एखाद्या पोराची दाखवावी तशी. साडू मान डोलावत होते. त्यांना कळणारा शब्द त्या सगळ्यात दोनदा आला असेल नसेल. सकाळी मांडवीच्या धक्क्यावर त्याने त्यांना मिठी मारली आणि पडावात बसून बोटीकडे गेला.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझा साडूंवरचा राग अजून गेलेला नाही; परवाच त्यांनी माझी कचेरीची वेळ चुकवली. पण कधी कधी बोलता बोलता ते गडग्याशी थांबतात आणि विचारतात, "नाना, त्याने ते मूल दाखवलंन ना, तेव्हा मी हसलो होतो. ते गेलेलं असलं तर हो?"

मी म्हणतो, "ते खेळत असेल," आणि घरात जातो.