तेराव्या होलवरचं वाळवंट

सिंगापुरात वाळवंट! लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलोच होतो. पण जुरोंग ईस्टहून टॅक्सीने निघालो (मैदान तुआसच्या टोकाला, तिथवर तेव्हा एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पोचली नव्हती) आणि समुद्र बुजवून केलेलं ते गोल्फचं मैदान दिसलं, तसं हसू मावळलं.

त्या दिवशी आमच्या जावयाची, मंदाररावांची, परीक्षा होती. तिथे मैदानावर खेळायला परवाना लागतो आणि तो परीक्षकासमोर खेळून मिळवायचा. गेल्या खेपेला ते नापास झाले होते. या वेळी जमलं तरच त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या चमूत जागा मिळणार होती. मी हौसेने त्यांची ट्रॉली ओढायला घेतली.

"बाबा, तिथे लुडबुड नको हं," लेकीने बजावलं होतं.

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

वाटेत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कोपी (दाट, गोड कॉफी) आणि काया टोस्ट (नारळ-अंड्याच्या जॅमचा) घेतला. मी दोन्ही चापलं. मंदाररावांनी आपला टोस्टही माझ्याकडे सरकवला.

परीक्षक होते अंकल लिम, निवृत्त मास्तर, मितभाषी. बारा होल बरे गेले. तेरावा म्हणजे ते वाळवंट. उंचवट्यावरून फटका मारायचा, समोर पिवळी वाळू, काटेरी झुडपं, पलीकडे इवलीशी हिरवळ. डावीकडून लांबचा, बिनधोक रस्ता. उजवीकडून वाळूवरून थेट. गंमत अशी, की मधला खळगा वरून दिसतच नाही, त्यामुळे हिरवळ हाकेच्या अंतरावर वाटते. पुण्यात जन्मभर रस्ते आखले मी, पण असा लबाड उतार नाही पाहिला.

मंदाररावांनी थेट फटका मारला आणि चेंडू वाळूत फसला. मी ट्रॉली घेऊन आधी पोचलो, तर चेंडू कुणाच्या तरी बुटाच्या ठशात रुतलेला. माझा जीव कळवळला. जावयाच्या ताटात खडासुद्धा राहू देत नाही हो आम्ही! पायाने हळूच सरकवला तो टणक वाळूवर.

काय फटका बसला! चेंडू थेट झेंड्यापाशी.

"गुड शॉट, लाह!" अंकल लिम सिंगापुरी हेल काढत ओरडले.

मराठी इथे कुणाला कळतंय, अशा तोऱ्यात मी म्हणालो, "मंदारराव, खड्ड्यात होता, मीच काढला बाहेर!"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते सरळ अंकल लिमकडे गेले. "सॉरी अंकल, माझा पाय लागला चेंडूला. पेनल्टी लावा."

"यू शुअर?"

"शुअर."

गोल्फमध्ये पडलेला चेंडू हलवला की दंड, आणि शेवटी त्या दंडानेच परीक्षा गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं नाव का नाही सांगितलंत?" टॅक्सीत मी कसंबसं विचारलं.

"ट्रॉली ओढणाऱ्याची चूक खेळणाऱ्याच्याच माथी येते, बाबा. मग तुम्हाला कशाला त्यात ओढायचं?"

लेकीला त्यांनी "थोडक्यात गेलं" एवढंच सांगितलं. ती हळहळली. मी मान खाली घालून जेवलो.

चांगी विमानतळावर निरोप घेताना मंदारराव नमस्काराला वाकले. मी पटकन पाय मागे घेतले.

"अहो बाबा, आशीर्वाद तरी द्या की!" लेक हसत म्हणाली.

कोणत्या तोंडाने देणार होतो?