रशीदसरांच्या उलट्या डब्या

निरोप आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेतलं मामाचं नाव दुरुस्त करत होते. फोनवर चाची होत्या, रशीदसरांच्या पत्नी. "सर गेले बेटा," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी हातात घेतला. मी पत्रिका पूर्ण केली, छापायला दिली आणि मग शटर ओढलं. कोरडेपणा म्हणायचा तर म्हणा. सरांना अर्धवट टाकलेलं काम खपत नसे, आणि त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही... त्याला आता दीड महिना झाला.

सर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते आणि रविवारी जुन्या जालन्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत गिटार शिकवत. एक्याऐंशी साली मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा बारा वर्षांची होते, आणि महिन्याभरात गिटार शिकणारी मुलगी म्हणून गल्लीत पुरेशी बदनाम झाले. सर स्वतः शिकले ते गणपतीत आलेल्या एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याकडून, चार दिवसांत, नुसतं बघून. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचे जुळे, लक्षात राहाव्यात म्हणून त्यांनी वहीत चौकोन आखले. सहा उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, बोट ठेवायचं तिथं टिंब. अशा चौकोनाला ते 'डबी' म्हणत. आम्हा सगळ्यांच्या वह्या सरांनी स्वतःच्या हातानं भरलेल्या. गोम एवढीच होती की बाकी सगळीकडे जाड तार डबीच्या डाव्या टोकाला काढतात, गिटार समोर उभी करून पाहावी तशी. सरांनी ती उजवीकडे काढली होती. एकदा कुणीतरी पुण्याहून छापील पुस्तक आणलं, तर सर म्हणाले, "छापणाऱ्यानं उलटं छापलंय. वाजवणारा गिटारच्या मागं बसतो का पुढं?" आम्हाला ते बिनतोड वाटलं. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं.

मिलमधून निवृत्त झाल्यावर सरांनी शिकवलेल्या गाण्यांचं पुस्तक करायचं मनावर घेतलं. तोवर माझं डीटीपीचं दुकान चांगलं चालू लागलं होतं. नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर मी सीडीवर मागवलं. त्यात सुरांच्या ओळीवर कॉर्डचं नाव टाकलं की डबी आपोआप उमटायची. मी खूश होऊन पहिली पानं घेऊन गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय करून राह्यली तू? सगळ्या डब्या उलट्या."

"सर, कॉम्प्युटर अशाच देतो."

"मंग कॉम्प्युटरला सांग."

सांगितलं. म्हणजे प्रत्येक तयार डबी उघडायची, टिंबं एकेक करून पुसायची आणि आरशात दिसतील तशी दुसऱ्या बाजूला ठेवायची. न वाजवायच्या तारेवरची फुली आणि मोकळ्या तारेवरचं शून्य, तेही हलवायचं. सर शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक डबी वाजवून तपासत आणि मग मान डोलावत. माझा वैताग मी लपवत नव्हते, तेही मनावर घेत नव्हते. असं करत निम्मं पुस्तक झालं.

आणि मग अंतरवाली सराटीची सुनीता आली. सरांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. औरंगाबादला एका ऑर्केस्ट्रात वाजवायची संधी तिला मिळाली होती. ओळखीच्या कॉर्डला कुणी डबी बघत नाही, बोटं आपोआप जातात, म्हणून इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण तिच्यापुढं नव्या गाण्याचा कागद आला, त्यात कधी न ऐकलेली कॉर्ड आणि वर तिची डबी. सुनीतानं ती आमच्या रीतीनं वाचली. सूर कानाला खटकले तशी म्हणाली, तुमचा कागद चुकलाय. सगळे हसले आणि तिला परत पाठवलं.

"सर, चुकीचं आपलं हाये," ती माझ्या दुकानात, सरांसमोर, खाली बघत म्हणाली. "त्यांचं बराबर हाये."

सरांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला तिचाच राग आला. मग म्हणाले, "सगळ्या डब्या मोड."

मी भांडले. पहिल्या पानावर एक ओळ टाकू, जाड तार उजवीकडे समजावी म्हणून, काम झालं. सर म्हणाले, "ती ओळ पुस्तकात राहील. पोरगी बाहेर गेली की तिच्यासंगं न्हाई जायची."

पुस्तक पहिल्यापासून केलं. ते झाल्यावर सर लाल पेन घेऊन मोपेडवरून निघाले, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी, वह्या दुरुस्त करायला. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्यानं हात जोडले, सर, दहा वर्षांत गिटारला हात लावला नाही. सर त्याच्या गादीवर मांडी घालून बसले. "वही काढ," म्हणाले. नवीन डब्या काढताना स्वतःच अडखळायचे. पासष्टीला टेकलेल्या माणसानं आपली सगळी बोटं डोक्यात उलटी बसवायची, हे काही सोपं नव्हतं. छातीत दुखायला लागल्यावरही त्यांनी अंबडची फेरी चुकवली नाही. मी रागावले, तर म्हणाले, "चूक माझी हाये ना? मंग जायला कोण पाहिजे?"

सरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी गेले तेव्हा चाचींनी एक घडी घातलेला कागद दिला. विद्यार्थ्यांची नावं होती, प्रत्येकापुढं बरोबरची खूण. सुनीताचं नाव सगळ्यात वर. शेवटी माझं, आणि त्यापुढं काही नाही. रोज भेटणारी म्हणून मला शेवटी ठेवलं असणार.

घरी येऊन वही काढली. नवरा म्हणाला, "राहू दे तशीच, सरांच्या हातचं आहे." मलाही तेच वाटत होतं. त्या वाकड्या रेघा, दाबून दिलेली टिंबं... दुसरं काय राहिलंय त्यांचं माझ्याकडे? दोन दिवस वही नुसती उघडायची आणि मिटायची. तिसऱ्या दिवशी लाल पेन घेतलं, सरांच्या पहिल्या डबीवर काट मारली आणि शेजारी नवी आखली. जाड तार डावीकडे. रडू आलं, पेन थांबवलं नाही.

यादीत माझ्या नावापुढं अजून खूण केलेली नाही. अकरा पानं राहिली आहेत.